फ्रेंच कादंबरी युनिव्हर्सिटीत शिकायची म्हणजे नेमकं काय करायचं

बीएला किंवा एमएला फ्रेंच घेतलेल्यांसाठी, आणि फ्रान्सला जाऊन तिथे लेत्र मोदेर्न (फ्रेंच साहित्याची पदवी) करायचा विचार असलेल्यांसाठी हे लिहितेय. होतं काय, बी१ बी२ ह्या मधल्या लेव्हलचे भाषेचे पेपर मस्त जातात, ग्रामर पक्कं असतं, कॅफेत ऑर्डर देता येते, आणि मग अचानक सिलॅबसमध्ये काम्यू, द्युरास, पेरेक असे कादंबरीकार येऊन बसतात आणि सगळे गार पडतात, कारण तोपर्यंत कादंबरी वाचायची कशी हे कोणी शिकवलेलंच नसतं. आपली सवय कशी, तर समरी शोधा, थीम्स शोधा, कॅरेक्टर स्केच पाठ करा, लेखकाचं जन्मसाल टाका, झालं उत्तर. फ्रेंच पद्धतीने शिकवणाऱ्या डिपार्टमेंटमध्ये ह्याला फार तर पासापुरते मार्क पडतात. तिथे कादंबरीत काय घडलं हे तुम्हाला माहीत आहे असंच धरून चालतात. विचारतात ते असं, की हे सांगतंय कोण, कुठल्या काळात सांगतंय, कोणापासून काय लपवतंय, आणि हे तुम्हाला कुठल्या ओळीवरून कळलं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कुठल्या ओळीवरून. थिअरी, इतिहास, लेखकाचं चरित्र सगळं लागतं पण ते ओळीनंतर येतं, आधी नाही.

एक पान घ्या आणि त्याला सोडू नका

सुरुवातीला पूर्ण कादंबरीवर बोलायचा नाद सोडा. एक पान घ्या, पंधरा-वीस ओळी, हातात पेन्सिल. काम्यूची लेत्रांजे (१९४२) घेऊ कारण ती बहुतेक सगळ्यांना लागतेच आणि भाषा सोपी आहे म्हणून सगळे फसतात. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आज आई गेली, किंवा कदाचित काल, माहीत नाही. बहुतेक जण इथे लिहितात की हिरो भावनाशून्य आहे. बरं, पण ते तर नवव्या पानापर्यंत कोणीही सांगेल. तुम्ही क्रियापदं बघा. फ्रेंच कादंबरीत गोष्ट सांगायचा परंपरागत काळ म्हणजे पासे सँप्ल, पुस्तकी, बोलण्यात कोणी वापरत नाही, आणि तो एका घटनेला दुसरीशी जोडत पुढे नेतो, हे झालं मग ते झालं. काम्यू जवळपास सगळी गोष्ट पासे कोंपोझेमध्ये सांगतो, म्हणजे बोलण्यातल्या काळात. परिणाम असा की प्रत्येक घटना सुटी सुटी पडते, ह्यामुळे ते झालं असं वाटतच नाही. सार्त्रने १९४३ मध्ये ह्या पुस्तकावर एक लेख लिहिला त्यात तो म्हणतो की ह्यातलं एकेक वाक्य म्हणजे एक बेट आहे. समीक्षक बार्तने १९५३ मध्ये ह्याच शैलीला पांढरं लेखन म्हटलं. ही दोन नावं टाकली की पेपर छान दिसतो हे खरं, पण आधी स्वतः क्रियापदांखाली रेघा मारा, मग सार्त्र वाचा, म्हणजे तो काय बोलतोय ते दिसेल, नाहीतर नुसतं कोटेशन चिकटवल्यासारखं वाटतं आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता पहिल्या भागाचा शेवट, समुद्रकिनाऱ्यावरचा खून. इथे एक वाक्य आहे, ला गाशेत आ सेदे, ट्रिगर दबला. आधीच्या वाक्यात 'मी' आहे, त्याने पिस्तुलावर मूठ आवळलीये, आणि लगेच पुढच्या वाक्यात कर्ता बदलतो, गोळी झाडणारा 'मी' नाही, ट्रिगर आपणहून दबतो. आणि नंतर परत 'मी' येतो आणि शांतपणे आणखी चार गोळ्या झाडतो. एवढ्यावर तुम्ही अर्धा तास बोलू शकता. जबाबदारी कोणाची, हा पुढच्या सगळ्या खटल्याचा प्रश्न आहे आणि तो आधी व्याकरणात ठेवलेला आहे. तसंच ह्या पानावर अचानक उपमा-रूपकांची गर्दी होते, ऊन तलवारीसारखं, कपाळावर झांजा वाजतायत, आणि त्याआधी पुस्तकभर असलं काही जवळपास नसतं. भाषा इथेच का तापली, हा तुमचा प्रश्न. कपाळावरचं ऊन हे उत्तर पुस्तकातला तोच देतो, तुम्ही ते जसंच्या तसं घेऊ नका.

मग दुसरा भाग वाचा आणि पहिल्या भागातले फालतू वाटणारे तपशील मोजा. मयतीच्या रात्री त्याने दुधाची कॉफी प्यायली, सिगरेट ओढली, रडला नाही. हेच कोर्टात पुरावे होऊन येतात. म्हणजे लेखकाने आधी आपल्याला बिनमहत्त्वाचं म्हणून वाचायला लावलं आणि नंतर सरकारी वकील त्याची कथा बनवतो. कादंबरीत कथा बनवणाऱ्या माणसावर संशय घ्यायला हे पुस्तक शिकवतं. आणि ज्याचा खून झाला त्या अरब माणसाला पुस्तकभर नाव नाही, हे पण मोजण्यातच येतं. अल्जीरियाच्या कामेल दाऊदने २०१३ मध्ये मरसो, काँत्र-आंकेत ही कादंबरी लिहिली (मरसो म्हणजे लेत्रांजेचा हिरो) त्यात त्या मेलेल्या माणसाचा भाऊ हारून ओरानच्या बारमध्ये बसून सांगतो की माझ्या भावाचं नाव मूसा होतं, आणि ती कादंबरी सुरू होते आई अजून जिवंत आहे ह्या वाक्याने. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, वर्गात कोणी सांगितलं नसलं तरी.

ह्या सगळ्याला फ्रेंच लोक एक्स्प्लिकासियों द तेक्स्त म्हणतात. शब्द भारी आहे, काम साधं आहे, पण कंटाळवाणं आहे आणि त्याला शॉर्टकट नाही.

बोलतंय कोण

दुसरी सवय लावायची ती ही. कुठलीही कादंबरी उघडली की पहिल्या दोन पानांत सर्वनामं शोधा. विसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीकारांनी सर्वनामांशी जेवढा खेळ केलाय तेवढा क्वचितच कोणी केला असेल.

मिशेल ब्युतोरची ला मोदिफिकासियों, १९५७, पूर्ण पुस्तक 'वू' मध्ये आहे, म्हणजे तुम्ही. एक माणूस पॅरिसहून रोमला ट्रेनने निघालाय, थर्ड क्लास, बायकोला सोडून रोममधल्या मैत्रिणीला पॅरिसला घेऊन यायचा त्याचा बेत आहे, आणि रोम येईपर्यंत त्याचं मन बदलतं. एवढीच गोष्ट. पण तुम्ही डब्यात चढलात, तुम्ही सुटकेस वर ठेवलीत, असं वाचताना आपण त्याच्याबरोबर बसतो की कोणीतरी त्याच्यावर नजर ठेवून त्याची चौकशी करतंय, हे ठरवा आणि ओळी दाखवा. त्याच वर्षी आलेली रॉब-ग्रियेची ला झालूझी त्याहून बिलंदर आहे. केळीच्या मळ्यातलं घर, एक बाई जिचं नाव नुसतं आ..., शेजारचा फ्रांक तिच्याशी गप्पा मारायला येतो, आणि 'मी' हा शब्द पुस्तकात नाहीच. पण टेबलावरच्या प्लेटा मोजल्या, व्हरांड्यातल्या खुर्च्या मोजल्या की कळतं इथे आणखी एक माणूस बसलाय जो सगळं बघतोय आणि स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. नवरा. भिंतीवर चिरडलेल्या गोमेचा डाग परत परत येतो, प्रत्येक वेळी थोडा वेगळा. ही कादंबरी मुलांना बोअर होते कारण ते काहीतरी घडायची वाट बघत बसतात. वाट बघू नका, ज्या वर्णनात माप, कोन, अंतर जास्तच येतंय तिथे थांबा, तिथे तो माणूस तडफडतोय.

द्युरासच्या लामांमध्ये, १९८४, एकाच मुलीला कधी 'मी' कधी 'ती' म्हटलंय, कधीकधी एकाच पानावर. ती मुलगी मेकाँग नदी ओलांडते तो फेरीबोटीतला प्रसंग, आणि त्याचा फोटो काढायचा राहूनच गेला असं निवेदिका सांगते, म्हणजे पुस्तक ज्या चित्रावर उभं आहे ते चित्र अस्तित्वातच नाही. वाचताना मार्जिनमध्ये एक खूण 'मी' ला आणि एक खूण 'ती' ला करत जा, पंधरा पानांत पॅटर्न दिसायला लागतो, आणि तो पॅटर्न कुठे मोडतो तेही. आनी एर्नोच्या ले झाने (२००८) मध्ये तर पूर्ण आयुष्याची कहाणी आहे आणि 'मी' टाळलेला आहे, 'ती' आहे, 'आम्ही' आहे, आणि फ्रेंचमधला तो लवचिक 'ओं' आहे ज्यात कोणीही बसतं.

जेरार जनेतचं फिग्यूर ३ (१९७२) हे निवेदनाच्या थिअरीचं पुस्तक ह्यासाठी लागतं. सगळं वाचायची गरज नाही, निवेदक गोष्टीच्या आत आहे की बाहेर, कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय, आणि वेळ पुढे-मागे कशी केली, हे तीन मुद्दे पक्के करा. फोकालिझासियों (कोणाच्या नजरेतून), आनालेप्स (मागे जाणं), प्रोलेप्स (पुढचं आधी सांगणं) हे शब्द परीक्षेत चालतात पण त्यांचं लेबल लावून मोकळं होऊ नका. इथे आनालेप्स आहे असं लिहून पुढचं वाक्य नसेल तर मार्क नाही. आनालेप्स आहे, मग त्याने वाचणाऱ्यापासून इतका वेळ काय लपवलं होतं?

भाषा अवघड जाते त्याचं काय

जातेच. त्यात लाज नाही. माझा अनुभव असा की पहिली तीसेक पानं डिक्शनरी घेऊन सावकाश वाचायची, त्या लेखकाचे ठरावीक शब्द असतात, ते तिथेच कळतात, आणि नंतर डिक्शनरी बंद करून निदान वीस पानं सलग वाचायची, नाही कळलं तरी. जो शब्द तीनदा आला तोच बघायचा. शब्द बघायला सेएनएरतेएल (CNRTL) ची साइट वापरा, फुकट आहे, ट्रेझोर हा मोठा कोश त्यात आहे आणि प्रत्येक अर्थाला साहित्यातलं उदाहरण असतं. गुगल ट्रान्सलेट मेन्यू वाचायला ठीक आहे. पासे सँप्लचे फॉर्म्स फक्त ओळखता आले पाहिजेत, तयार करता यायची गरज फारशी पडत नाही, एका दुपारचं काम आहे, ते पुढे ढकलू नका.

इंग्रजी भाषांतर वाचावं का? वाचा ना, गोष्ट समजायला, लपूनछपून नको. फक्त लक्षात ठेवा की वर काळाबद्दल जे सांगितलं ते इंग्रजीत गेल्यावर जवळपास पुसलं जातं, म्हणजे ज्याच्यावर मार्क आहेत तेच गायब. आणि उत्तरात अवतरण फ्रेंचच द्यायचं.

ऐकायची सोय असेल तर ऐका. काम्यूने स्वतः १९५४ मध्ये रेडिओसाठी लेत्रांजे वाचली होती, ते रेकॉर्डिंग मिळतं, आणि ज्या सपाट आवाजात तो वाचतो त्याने बऱ्याच गोष्टी उलगडतात. इना म्हणजे फ्रान्सच्या टीव्ही-रेडिओच्या अर्काइव्हमध्ये बेर्नार पिव्होचा आपोस्त्रोफ हा कार्यक्रम सापडतो, १९७५ ते १९९० चालला, द्युरास १९८४ मध्ये त्यात एकटी येऊन बोलली ते बघाच. कादंबरीकार मोदियानो पण बघा, बिचारा वाक्य सुरू करतो आणि अर्ध्यात सोडून देतो, आणि मग त्याची पुस्तकं वाचली की हसू येतं कारण कागदावर तो इतका नेटका आहे.

इतिहास, पण थोडक्यात

टाइमलाइन पाठ करण्यात वेळ घालवू नका, पण काही गाठी माहीत हव्यात. प्रूस्तचा पहिला खंड १९१३ ला आला, तोही प्रकाशकाला स्वतः पैसे देऊन, आणि १९१९ ला दुसऱ्या खंडाला गोंकूर हे मोठं साहित्य-पारितोषिक मिळालं. जीदच्या ले फो-मोनायर (१९२५) मध्ये एक कादंबरीकार त्याच नावाची कादंबरी लिहितोय, तिथून कादंबरी स्वतःकडेच बघायला लागली असं ढोबळमानाने धरा. सेलीनने १९३२ मध्ये बोलीभाषा सरळ निवेदनात आणली आणि खळबळ उडाली, त्याची नंतरची ज्यूद्वेष्टी पत्रकं घाण आहेत आणि वर्गात तो विषय निघतोच, टाळू नका. पन्नाशीच्या दशकात एदिसियों द मिन्युई ह्या छोट्या प्रकाशनात जेरोम लँदोंने रॉब-ग्रिये, ब्युतोर, सिमों, सारोत ही मंडळी छापली, त्यांना नूव्हो रोमां (नवी कादंबरी) म्हणतात, १९५९ चा त्या प्रकाशनाच्या दारातला ग्रुप फोटो प्रत्येक टेक्स्टबुकात असतो, पण ती काही एक पार्टी नव्हती, प्रत्येकाचं वेगळं होतं. क्लोद सिमोंला १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

मग १९६० मध्ये कनो आणि ल लियोने ह्यांनी उलिपो हा लेखकांचा गट सुरू केला, नियम घालून लिहायचं. पेरेकची ला दिस्पारिसियों (१९६९) अख्खी कादंबरी 'ई' (e) हे अक्षर न वापरता लिहिलेली आहे. वर्गात सगळे वा वा म्हणतात आणि तिथेच थांबतात. थांबू नका. पेरेकचे वडील १९४० मध्ये युद्धात गेले, आईला १९४३ मध्ये आउशवित्झला पाठवलं. फ्रेंचमध्ये आई, वडील ह्या शब्दांत ते अक्षर आहे, आणि त्याच्या स्वतःच्या नावातही. आता परत वाचा.

कोंताँपोरें म्हणजे समकालीन साहित्य कुठून सुरू होतं ह्यावर वाद आहे पण फ्रान्समधले बहुतेक प्राध्यापक १९८० च्या आसपास रेघ ओढतात, आणि दोमिनिक व्हियार आणि ब्रुनो व्हेर्सियेचं २००५ चं पुस्तक त्यासाठी सगळीकडे वापरतात. त्या काळानंतर गोष्ट परत आली, स्वतःचं आयुष्य परत आलं, इतिहास परत आला असं म्हणतात. एशनोझ, तूसें, एर्नो, मोदियानो, मारी अंदियाय, उएलबेक. ह्यातला मोदियानोचा दोरा ब्र्यूदेर (१९९७) मी सगळ्यांना वाचायला लावते. १९४१ च्या ३१ डिसेंबरच्या पारी-स्वार ह्या पेपरात एक जाहिरात येते, पंधरा वर्षांची मुलगी हरवलीये, पत्ता बुलव्हार ओर्नानो. मोदियानोला ती जाहिरात अनेक वर्षांनी सापडते आणि तो त्या मुलीचा माग काढतो, शाळा, पोलीस, कागद, रस्ते. मुलीला १९४२ च्या सप्टेंबरमध्ये आउशवित्झला नेलं. ती पळून गेली होती, त्या महिन्यांत ती कुठे होती हे त्याला कळत नाही, आणि तो ते बनवूनही सांगत नाही. कादंबरीकार असून बनवत नाही. मग ही कादंबरी आहे का? चर्चा करायची तर ह्यावर करा, आणि मी सुचवेन की कदाचित, बहुतेक, असं असेल, मला वाटतं हे शब्द जिथे जिथे येतात ती वाक्यं एका कागदावर उतरवून घ्या. तुमचं अर्धं कोमाँतेर, म्हणजे उताऱ्यावरचं लेखी विश्लेषण, तिथेच तयार होतं.

लिहायचं कसं

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे पाराफ्राझ. मार्जिनमध्ये लाल शाईने हा शब्द दिसला की समजायचं, तुम्ही लेखकाचंच परत सांगितलंय, वेगळ्या शब्दांत. स्वतःला तपासायला सोपी युक्ती सांगते. तुमच्या परिच्छेदातून अवतरणं काढून टाका, जर परिच्छेद तसाच उभा राहिला तर तुम्ही मजकुराचं विश्लेषण केलेलंच नाही, आणि जर अवतरणाचा अर्थच परत आला असेल तर पाराफ्राझ. अवतरण छोटं, तीन-चार शब्दांचं, आणि लगेच त्यात काय आहे ते, कर्ता, काळ, लय, पुनरुक्ती, विरामचिन्ह, काहीही पण दिसणारं.

दिसेर्तासियों हा वेगळा प्रकार. एखाद्या समीक्षकाचं किंवा लेखकाचं वाक्य देतात आणि म्हणतात ह्या कादंबरीच्या संदर्भात विचार करा. आपली मुलं लगेच हो बरोबर आहे म्हणून तीन पानं उदाहरणं देतात. तसं नाही. आधी त्या वाक्यातला एकेक शब्द तपासा, तो माणूस काय गृहीत धरतोय ते शोधा, आणि त्यातून प्रोब्लेमातीक काढा, म्हणजे असा प्रश्न ज्याचं उत्तर पटकन हो किंवा नाही देता येत नाही. मग तीन भाग. ते थेज, आंतीथेज, सँथेज (बाजू, विरुद्ध बाजू, मेळ) वालं शाळेतलं मॉडेल यांत्रिक होतं, दुसरा भाग पहिल्याला फक्त उलटा करतो आणि तिसरा म्हणतो दोघंही थोडेथोडे बरोबर. त्यापेक्षा असं करा की पहिल्या भागात त्या वाक्याची बाजू मनापासून मांडा, दुसऱ्यात ते कुठे कमी पडतं ते पुस्तकातून दाखवा, आणि तिसऱ्यात प्रश्नच थोडा सरकवा. उदाहरणार्थ कोणी म्हटलं की नूव्हो रोमांने माणूस हाकलून दिला, तर तिसऱ्या भागात विचारा की मग ला झालूझीतला तो डाग बघणारा कोण होता.

हेडिंग्ज, बुलेट पॉइंट्स साहित्याच्या दिसेर्तासियोंमध्ये चालत नाहीत, प्लॅन वाक्यांतून कळला पाहिजे. 'झ' (मी) ऐवजी बहुधा 'नू' (आम्ही). पुस्तकाचं नाव हाताने लिहिताना अधोरेखित. प्रस्तावनेवर वेळ घालवा, ती कच्च्या कागदावर शेवटी लिहा आणि मग फेअर करा. उपसंहारात जगाच्या सगळ्या प्रश्नांकडे उडी मारायची फॅशन होती, आता बरेच जण त्यावर वैतागतात.

मार्कांबद्दल. फ्रान्समध्ये २० पैकी असतात, १० ला पास, १२-१३ म्हणजे बरं, १६ म्हणजे फार भारी. ९५ टक्क्यांची सवय असलेल्याला पहिला ११ मिळाला की तो रडतो. रडू नका, शेजारच्या फ्रेंच मुलाला ९ आहे.

पुस्तकं, लेख कुठे मिळतील

पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेझच्या लायब्ररीत बऱ्यापैकी कादंबऱ्या आहेत, मेंबर झालं की क्युल्त्युरथेक ही डिजिटल लायब्ररी पण मिळते. नवीन फोलिओ पॉकेट आवृत्ती इथे मागवली की महाग पडते. फ्रान्समध्ये असाल तर नवीन पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट कोणी देत नाही, १९८१ चा कायदाच तसा आहे, त्यामुळे सेकंडहँड घ्या, आणि मार्जिनमध्ये आधीच्या विद्यार्थ्याच्या नोट्स आल्या तर बोनस. जुने लेखक गालिका ह्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर स्कॅन केलेले मिळतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, फ्रान्समध्ये सत्तर, म्हणून काही नावांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत.

समीक्षेसाठी पेर्से आणि ओपन एदिसियों ह्या साइट्स, दोन्हीकडे भरपूर फुकट. काएर्नवर काही फुकट काही विकत. फाब्युलावर सेमिनार, नवीन पुस्तकं, सगळं कळतं. फोलिओथेक मालिकेतलं तुमच्या कादंबरीवरचं छोटं पुस्तक मिळालं तर उत्तम. एका कादंबरीवर तीन चांगले लेख पुरतात, पंधरा डाउनलोड करून फोल्डर सजवू नका. आणि एआयकडून अवतरण घेताना पुस्तकात उघडून बघा, खोटी वाक्यं पान नंबरासकट देतं.

मेम्वारचा विषय

एमए किंवा फ्रान्समधल्या मास्टरला मेम्वार म्हणजे प्रबंध लिहावा लागतो. एर्नोच्या लेखनातील स्त्री, हा विषय नाही, हे दुकानाच्या पाटीसारखं आहे. विषय म्हणजे एक-दोन पुस्तकं आणि रचनेबद्दलचा एक प्रश्न. ला प्लास (१९८३) मध्ये एर्नो वडिलांबद्दल लिहिते, शेतमजूर, मग कामगार, मग नॉर्मंडीतल्या इव्हतो गावात कॅफे आणि किराणा चालवणारा माणूस, आणि त्यांच्या तोंडचे शब्द ती तिरप्या टाइपात घालते. हे तिरपे शब्द कुठे येतात, कोणाकडे बघून येतात, ह्यावर अख्खा मेम्वार होईल.

आणि इथे मराठी मुलांकडे एक गोष्ट आहे जी फ्रेंच मुलांकडे नाही. शिकून आपल्या वर्गातून बाहेर पडलेल्या माणसाने मागे वळून आई-बापाबद्दल लिहिणं, त्यातली शरम आणि त्या शरमेची शरम, हे आपण दलित आत्मकथनांत वाचलेलं आहे. दया पवारांचं बलुतं १९७८ चं, ला प्लासच्या पाच वर्षं आधीचं. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार असे एकाच माणसाचे दोघं होतात आणि एक दुसऱ्याला सांगतो, म्हणजे परत तोच प्रश्न, बोलतंय कोण. बलुतंचं फ्रेंच भाषांतर पण आहे, पुण्यात राहिलेल्या गी प्वातवें ह्यांनी केलेलं, मा व्ही दँतूशाब्ल ह्या नावाने. त्यामुळे तुमचा फ्रेंच गाइड पण ते वाचू शकतो, ही मोठी सोय. फक्त जात आणि वर्ग एकच आहेत असं समजून चालू नका, इव्हतोच्या किराणावाल्याला कोणी विहिरीवरून हाकललं नव्हतं, आणि फरक जिथे आहे तिथेच मेम्वार चांगला होतो. फ्रान्समध्ये लितेरात्युर कोंपारे (तौलनिक साहित्य) नावाचा विभागच असतो, असे विषय तिथे न्या.

फ्रान्सच्या बाहेरची फ्रेंच कादंबरी पण विसरू नका, शामवाझोचं तेक्साको (१९९२ चं गोंकूर, मार्तिनिक बेट), अल्जीरियाची आसिया जेबार, २०२१ ला गोंकूर मिळालेला सेनेगालचा म्बूगार सार. मॉरिशसच्या नाताशा आपानाची पहिली कादंबरी, ले रोशे द पूद्र दोर, २००३, ही एकोणिसाव्या शतकात बोटीत बसवून मॉरिशसला नेलेल्या भारतीय मजुरांवर आहे. तिथे मराठी माणसंही गेली, आजही आहेत. इथल्या पेपरात हे क्वचित असतं म्हणून विषय मोकळा आहे.

फ्रान्सला जाणार असाल तर

कांप्यूस फ्रांसच्या साइटवरून अर्ज करायचा. लेत्रसाठी कागदावर बी२ चालतं काही ठिकाणी, पण खरं सांगायचं तर त्यावरच्या सी१ लेव्हलशिवाय वर्गात जीव नकोसा होतो. सेएम म्हणजे मोठ्या हॉलमधलं लेक्चर, तेदे म्हणजे छोटा वर्ग, तिथे वीस मिनिटांचं एक्स्पोझे म्हणजे प्रेझेंटेशन द्यावं लागतं आणि कागदावरून वाचलं की लोक खिडकीबाहेर बघतात. युरोपबाहेरच्यांची फी २०१९ पासून वाढवलीये, पण बऱ्याच युनिव्हर्सिट्या त्यातून सूट देतात, अर्जाआधी प्रत्येकीची साइट बघा. शरदात, ऑगस्टच्या शेवटापासून, राँत्रे लितेरेर असते, चारशेच्या वर नवीन कादंबऱ्या एकदम बाजारात, आणि नोव्हेंबरात द्रुआं रेस्टॉरंटमध्ये गोंकूर जाहीर होतं, बक्षीस दहा युरो, विक्री मात्र लाखांत. ते सगळं फॉलो करायला मजा येते पण परीक्षेला त्याचा उपयोग शून्य, एखादं वाचा आणि सोडा.

शेवटी सगळे विचारतात कुठून सुरू करू. ला प्लास आधी, शंभरेक पानं, भाषा स्वच्छ. मग लेत्रांजे, मग दोरा ब्र्यूदेर, मग लामां. तोपर्यंत सर्वनामांची सवय लागते, मग ला मोदिफिकासियों. ला झालूझी त्याच्यानंतर. क्लोद सिमोंची ला रूत दे फ्लांद्र मास्टरपर्यंत ठेवा, वाक्यं संपत नाहीत, कंसात कंस. आणि प्रूस्त, जो सगळ्यांना लिस्टमध्ये पहिला टाकायचा असतो, तो अडीच हजार पानांच्या आसपास आहे, तर पहिल्या खंडातला कोंब्रे हा भाग सुट्टीत वाचा, रोज दहा पानं, मोठ्याने, आणि मग उन आमूर द स्वान, तो तिसऱ्या पुरुषात आहे आणि वेगळा काढूनही वाचता येतो. त्यापुढचं परीक्षेला नेमलं असेल तरच, किंवा नोकरी लागल्यावर.